डाव्या बोटावरचा धागा

६ जानेवारी

वर मायना लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तीन कागद त्यातच वाया गेले. 'प्रिय' लिहावं तर तू म्हणशील, सहा वर्षांनी बरी आठवण झाली. घरातलं नाव लिहायला हात धजत नाही. म्हणून तसंच सुरू करते. गुर्मी म्हणायची असेल तर म्हण.

कामाचं लिहिते. मी विणायला शिकते आहे. सुयांवर. छप्पन्नाव्या वर्षी हे काय खूळ, असं वाटून हसलीस तरी चालेल, इथेही सगळे हसलेत.

माझ्या हातात कायम क्रोशाची सुई असायची, ते तुला माहीत आहे. एकच सुई, पुढे आकडा, आणि एका वेळी एकच टाका जिवंत. तो सुटला तर सुटला. दोन सुयांवर साठ-सत्तर टाके एकदम सांभाळायचे आणि वर टीव्ही बघत गप्पाही मारायच्या, हा प्रकार तुमचा दोघींचा. तू दहा वर्षांची असताना आईने तुला जवळ बसवून शिकवलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि दातांच्या लॅबमध्ये लागून मला वर्ष झालं होतं. घरी यायची तेव्हा नखांत प्लास्टर असायचं. आई म्हणायची, लोकरीला हात लावू नकोस. बरोबरच होतं तिचं, पांढरी लोकर होती.

मी अजून तिथेच आहे. कवळ्याच करते. चणे आहेत तर दात नाहीत, अशा लोकांची सोय बघते. हल्ली साच्यांचं बरंचसं काम मशीन करतं, त्यामुळे शनिवार मोकळा झाला.

विणायचं कसं सुचलं, तर नोव्हेंबरात कपाटाला कसर लागली. दोन शाली आणि तुझा शाळेतला निळा स्वेटर गेला. अक्षरशः चाळण झाली. तळाची कापडी पिशवी तेवढी वाचली, कारण तिच्यात मी दर वर्षी डांबराच्या गोळ्या टाकते. पिशवीत काय आहे ते तुला सांगायला नको. फिकट हिरव्या लोकरीचे गुंडे, आणि सुईवर असलेला तो सहा बोटं उंचीचा तुकडा. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू तो माझ्या अंगावर फेकलास आणि विचारलंस, "चौदा महिने ती एवढंच विणत होती?" मी उत्तर दिलं नाही, तू तिसऱ्या दिवशी निघून गेलीस. फेकल्यावर तीन टाके सुटले होते. ते मी नंतर क्रोशाच्या सुईने उचलून परत वर चढवले.

उत्तर आता देते आहे असं नाही. तो स्वेटर तुझ्या लेकीसाठी होता, तो पुरा करावा असं मनात आहे. तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती, आता दहाची असेल. तिच्या छातीचं माप आणि बाहीची लांबी कळव. बाकी एक अक्षर लिहिलं नाहीस तरी चालेल.

खाली नाव लिहीत नाही. अक्षर ओळखशील.


२१ जानेवारी

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

क्लास लोकरीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत असतो, शनिवारी सकाळी. छपरापर्यंत कप्पे, त्यात लोकर, मधे सहा खुर्च्या. दुकानाच्या मालकीणबाईच शिकवतात. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, पण मला 'ताई' म्हणतात. लॅबमध्ये, बँकेत, जिन्यात, जिथे जाईन तिथे मी ताईच. माझ्या कपाळावर लिहिलेलं असावं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, आधी काही येतं?"

"क्रोशा येतो."

"मग धागा कुठल्या हातात धरता?"

"डाव्या."

"तिथेच राहू द्या. अर्धं काम झालं."

मग त्यांनी सांगितलं, ते तुलाही माहीत नसेल. विणणाऱ्यांत दोन जाती. एक, धागा उजव्या हातात धरून दर टाक्याला सुईवर गुंडाळणाऱ्या. तुम्ही दोघी त्यातल्या. दुसऱ्या, धागा डाव्या बोटावर ताणून ठेवणाऱ्या आणि सुईच्या टोकाने तो अलगद ओढून घेणाऱ्या. क्रोशावाल्यांनी दुसरी रीत शिकावी, कारण त्यांच्या डाव्या बोटाला ती सवय असतेच. या रीतीला कॉन्टिनेंटल म्हणतात. आमच्या वर्गात एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, सिगरेट सोडायची म्हणून हाताला चाळा हवा, तेवढ्यासाठी आलेले. ते म्हणाले, "कॉन्टिनेंटल? मग बटर-टोस्ट कधी येणार?" बाईंनी त्यांना वीस टाके जास्त घालायला लावले.

सुलटा टाका मला पहिल्याच दिवशी आला. जरा ऐटही आली अंगात. उलट्या टाक्याने ती उतरवली. धागा पुढे घ्यायचा, सुई मागून पुढे आणायची, धागा सुईवरून वळसा देऊन खाली दाबायचा आणि मग मागे ढकलायचं. माझा हात ऐकेचना. पस्तीस-चाळीस वर्षं आकड्याने धागा खालून ओढायची सवय. मी तसाच ओढला. सोपं गेलं, भराभर गेलं, मी चार बोटं विणून मोकळी झाले आणि बाईंपुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावला. "घट्ट झालंय. आणि हे बघा, टाक्यांनी पायांत पाय अडकवलेत."

खरंच तसं दिसत होतं. एक ओळ नीट, तिच्यावरची आवळलेली, परत एक नीट. बाई म्हणाल्या, उलट्या ओळीत धागा खालून ओढला की टाका सुईवर पाठमोरा बसतो, आणि पुढच्या ओळीत त्याला पीळ पडतो. "ही चूक तुमची नाही, क्रोशाची आहे. माझ्याकडे येणारी प्रत्येक क्रोशावाली पहिल्या महिन्यात हेच करते. उजव्या हाताने विणणारी कितीही वेंधळी असली तरी हे करत नाही, तिच्या हाताला ती वाटच माहीत नसते."

माझा तुकडा त्यांनी टाचणीने भिंतीवर लावला, सगळ्यांना दाखवायला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई मला चिडली की म्हणायची. आता ते भिंतीवर लागलंय.

एक सांगायचं राहिलं. बाई 'धागा डाव्या हातात' म्हणाल्या तेव्हा मला आई आठवली. आईने शेवटच्या वर्षात तसाच धरायला सुरुवात केली होती. पन्नास वर्षं उजव्या हाताने विणणारी बाई, आणि एका दुपारी तिने धागा डाव्या बोटावर घेतला. मी समजले, आता हिला धागा कुठल्या हातात धरायचा तेही आठवत नाही. अशीही एक रीत असते हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

विसरण्याबद्दल मी तुला काही कळवलं नव्हतं. ते पुढच्या पत्रात.


११ फेब्रुवारी

तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

चौदा महिने ती एवढंच विणत नव्हती. ती रोज विणत होती. मी रोज उसवत होते.

पहिले दोन महिने सगळं ठीक होतं. खालची चार बोटं त्या दोन महिन्यांतली आहेत, घरकामातून वेळ मिळेल तशी विणलेली, सुलट-उलटीची पट्टी आणि वर थोडं साधं. बघ कधी नीट, रेघ मारल्यासारखं आहे. मग ती डॉक्टरांकडे दोनदा तोच प्रश्न विचारू लागली, दुधाचं पातेलं कपाटात ठेवू लागली, आणि त्यानंतर तो डावा हात. मी लॅबच्या मालकांना सांगून सकाळची पाळी घेतली. दुपारी मी घरी. दोन ते चार आम्ही खिडकीपाशी समोरासमोर बसायचो. ती सुया घेऊन, मी क्रोशा घेऊन. त्या वर्षी मी इतके रुमाल केले की शेजाऱ्यांनी दार उघडायचं बंद केलं.

ती विणायची ते मला वेडंवाकडं दिसायचं. आवळलेलं, तिरकं. एकदा सकाळी तिने आदल्या दिवशीचं हातात घेतलं आणि ओळखलं नाही. "माझी लोकर कोणी खराब केली? कोणी हात लावला?" तासभर रडत होती. लहान मुलीसारखी, नाक ओढत. त्या दिवशी ती चार वाजता झोपल्यावर मी तेवढं उसवलं, खालच्या चांगल्या ओळीपर्यंत. लोकर कुरळी झाली होती, ती किटलीच्या वाफेवर धरून सरळ केली आणि गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने तुकडा हातात घेतला, हात फिरवला आणि म्हणाली, "बघ किती सरळ आलंय."

मग रोजच. वर्षभर. ती दोन तास पुढे जायची आणि मी पाव तासात तिला मागे आणायची. तिला ते कधी कळलं नाही. ती आनंदात होती, हे मी शपथेवर सांगेन. शेवटच्या दिवशी ती चार वाजता झोपली आणि उठलीच नाही. त्या दिवसाचं उसवायचं राहिलं. वरची दोन बोटं ती.

आता फोनचं. तू दर रविवारी विचारायचीस आणि मी सांगायची. पाठ होत आली. पाठ झाली, पुढचं घेतलंय. आता एक बाही राहिली. बाही कशी विणतात हे मला माहीतही नव्हतं, तरी एवढ्या तपशिलात खोटं बोलत होते. तू आईशी बोलायचं म्हणालीस की ती झोपलेली असायची, किंवा शेजारी गेलेली असायची. शेजारी! तिला जिना उतरता येत नव्हता.

"मी येऊ का?" असं तू तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा मी म्हणाले, "कशाला एवढी दगदग, लहान पोर घेऊन? स्वेटर झाला की ये, तिला घालूनच ने." डॉक्टरांनी त्याआधीच मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं होतं, की हृदय थकलंय, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी मान हलवून घरी आले.

तुझी दगदग होऊ नये म्हणून कळवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. सांगून सांगून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ते खरं नाही.


२५ फेब्रुवारी

मागचं पत्र टाकल्यावर दोन आठवडे तुझ्या उत्तराची वाट बघितली. आलं नाही हे बरंच झालं, नाहीतर उरलेलं लिहायचं मी टाळलं असतं. दाढ काढताना अर्ध्यावर थांबून चालत नाही, एवढं दातांच्या धंद्यात शिकले आहे.

तू झालीस तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी ताई झाले. तुझी होते ते ठीक, पण आईसुद्धा मला ताईच म्हणू लागली. "ताई, बाळाकडे बघ." "ताई, दूध उतू जातंय." त्याआधी ती मला काय म्हणायची, मला आठवत नाही. काहीतरी म्हणत असणारच. तुला ती चिमणे म्हणायची, चिमणाबाई म्हणायची, राग आला तरी चिमणेच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं तरी कामाच्या रगाड्यात कळलं नाही.

तिच्या शेवटच्या वर्षी एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "चिमणे, हळू गं."

मी म्हटलं, "आई, मी ताई."

"ताई कामाला गेली असेल," ती म्हणाली. "फार राबते पोर. तिच्यासाठी पोळी झाकून ठेव हं. बोलत नाही, पण भूक लागलेली असते तिला."

मी ठेवते म्हणाले.

त्यानंतर मी तिला परत कधी दुरुस्त केलं नाही. ती मला चिमणे म्हणायची, मी ओ द्यायची. "चिमणे, पाय गार पडलेत का? इकडे ये, माझ्या पांघरुणात घाल." मी घालायची. पन्नास वर्षांची घोडी आईच्या पांघरुणात पाय घालून बसलेली, कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं! ती माझ्या गालावरून हात फिरवायची. माझ्या आठवणीत तिने तसं आधी कधी केलेलं नाही. म्हणजे केलं असेल, दहा वर्षांच्या आत.

तू आली असतीस तर तिला एका नजरेत कळलं असतं, खरी कोण ते. मला परत ताई होऊन चहा टाकायला उठावं लागलं असतं. मला उठायचं नव्हतं. म्हणून तुला येऊ दिलं नाही. दगदग वगैरे सगळं वरवरचं.

तुझ्या वाट्याचं होतं ते मी घेतलं, तुझं नाव लावून घेतलं, आणि तुला तिचं तोंडही बघू दिलं नाही. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. माफी मागायला हवी आणि मी मागते आहे, पण माफ करच असं म्हणणार नाही. शिक्षा म्हण किंवा काही म्हण, त्या वर्षभरात तिने मला, म्हणजे मला, एकदाही ओळखलं नाही. ते सोसूनच मी तिथे बसले होते.

कागद फाडायचा असेल तर फाड. माझ्याकडे याची प्रत नाही.


१७ मार्च

हे पत्र मापासाठी नाही आणि माफीसाठीही नाही. परवा क्लासमध्ये एक झालं, ते तुला कळायला हवं. आई तुझीही होती.

उलटा टाका आता मला येतो. धागा वरून वळसा देऊन घेते, टाके सुईवर सरळ बसतात. बाईंनी पास केलं. म्हणून मी ती कापडी पिशवी घेऊन गेले. म्हटलं, आता आईच्या तुकड्याला पुढे न्यायला हरकत नाही.

बाईंनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा लावला. सुईवरचे टाके मोजले.

"हा खालचा भाग कुणाचा?"

"आईचा."

"पक्का हात आहे. उजव्या हाताने विणणारा." मग वरच्या दोन बोटांवर नख ठेवून म्हणाल्या, "आणि इथून पुढे तुम्ही घेतलंय. तुम्हाला विणता येत नव्हतं ना आधी?"

"नाही. तेही आईचंच. तिच्या शेवटच्या दिवसाचं."

"शक्य नाही, ताई."

त्या उठल्या, भिंतीवरचा माझा जानेवारीतला तुकडा टाचणी काढून खाली आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. एकाचा रंग हिरवा, एकाचा राखाडी, एवढाच फरक. एक ओळ नीट, एक आवळलेली. तसेच पायांत पाय अडकवलेले टाके. तसंच डावीकडे किंचित झुकलेलं.

"विसरणाऱ्या माणसाचं विणकाम मी बघितलंय," बाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंचं. त्यात टाके गळतात, भोकं पडतात, ओळ मधेच उलटी फिरते. इथे एकसुद्धा टाका गळलेला नाही. मोजा हवं तर. सहासष्ट आहेत. ही फक्त चुकीची रीत आहे, आणि सगळीकडे एकाच पद्धतीने चुकलेली. क्रोशावालीची चूक. आईंना क्रोशा यायचा?"

"कधीच नाही. ती त्याला आकड्याचा खेळ म्हणायची."

"मग हे कुणाचं बघून करायला लागल्या?"

 दोन ते चार, खिडकीपाशी, समोरासमोर. मी डाव्या बोटावर धागा ताणून बसलेली, आकड्याने खालून ओढून घेणारी. ती मान वर करून माझ्या हातांकडे बघायची, मग आपल्या सुयांकडे. मला वाटायचं, हरवलीय बिचारी. तिची स्वतःची रीत तिच्या हातातून गेली होती, ते खरंच. डॉक्टर चुकले नव्हते. पण रिकामं बसायचं तिच्या स्वभावात नव्हतं. समोर जी बसली होती तिचे हात बघून ती नव्याने शिकत होती. रोज दुपारी, सहासष्ट टाक्यांवर, माझ्याकडून. नाव तुझं घ्यायची, पण बघत होती ती माझे हात.

आणि मी रोज चार वाजता ते उसवत होते.

मी रडले. क्लासमध्ये, सगळ्यांसमोर. आई गेली तेव्हा रडले नव्हते, त्यावरूनही तू मला बोलली होतीस. ड्रायव्हरकाकांनी पाणी आणून दिलं आणि मग स्वतः बाहेर जाऊन सिगरेट ओढून आले. त्यांचा अडीच महिन्यांचा नेम मोडला, तोही माझ्याच माथी.

बाईंचं म्हणणं, वरची दोन बोटं उसवून टाका आणि खालच्या चांगल्या ओळीपासून सरळ पुढे न्या. नाहीतर तो पट्टा आवळलेलाच राहील, तीन हातांची तीन कापडं दिसतील आणि धुतल्यावर तिरकं होईल. कामाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. माझ्याकडे कुणी अशी कवळी आणली असती तर मीही सगळी फोडून नवी करा म्हटलं असतं.

पण त्या पिशवीला मी एकटीने हात लावायचे दिवस गेले. ते टाके तुझ्या लेकीसाठी घातलेले आहेत, आणि वरची दोन बोटं सोडली तर त्या अख्ख्या वर्षाचं माझ्यामुळे काही उरलेलं नाही. तेव्हा तू सांग. उसवायचं की ठेवायचं. तुझं उत्तर येईपर्यंत मी एक ओळ पुढे जाणार नाही, आणि मागेही जाणार नाही. आलंच नाही, तर पिशवी तशीच ठेवीन आणि गोळ्या बदलत जाईन.


१२ मे

चिमणे,

तुझा कागद मिळाला. आठ आठवड्यांनी. टपालवाल्याला मी एव्हाना इतकं पिडलं होतं की तो जिन्यातूनच ओरडला, "ताई, आलं एकदाचं!" तूही वर मायना लिहिलेला नाहीस. आपण दोघी एकाच आईच्या, याला आणखी पुरावा नको.

मापं घेऊन मी बाईंकडे गेले. तीन वर्षांच्या पोरीच्या पाठीचा तुकडा दहा वर्षांच्या पोरीला काय होणार, ही मला काळजी होती. बाईंनी टेप लावला, दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, "बाही होईल. जरा सैल, पण बाही होईल." तेव्हाची पाठ म्हणजे आताची बाही. तुझी लेक एवढी वाढली. मी तिला शेवटची बघितली तेव्हा ती तुझ्या कडेवर झोपलेली होती आणि तिच्या एकाच पायात मोजा होता.

तर एक बाही होत आली आहे. मनगटाशी आईची चार बोटं, जुन्या हाताची. त्यावर तिची दोन बोटं, आवळलेली. त्यावर मी. आवळलेल्या पट्ट्याशी बाही थोडी आत जाते, कुणी चिमटीत धरल्यासारखी. वाफ देऊन बघितली, जात नाही. मुलीने विचारलं तर सांग. आता सांगण्यासारखं आहे, सगळं सांग, माझ्या बाजूचं गाळू नकोस.

पाठ आणि पुढचा भाग मी विणीन. लोकर कमी पडेल, तसलाच हिरवा आता मिळत नाही, म्हणून ते राखाडी असतील. हिरवे दोन गुंडे आणि सुया या पाकिटातून पाठवते आहे. दुसरी बाही तू विण. तुझ्या रीतीने, उजव्या हातात धागा धरून, आईने शिकवलं तसं. दोन्ही बाह्या सारख्या होणार नाहीत. बाईंना आत्ताच धडकी भरली आहे, त्या म्हणतात, दुकानाचं नाव कुणाला सांगू नका.

टपालाने पाठवलीस तरी चालेल. घेऊन आलीस तर खांद्याची शिवण इथे बसून घालू. खिडकीपाशी दोन खुर्च्या अजून आहेत. चहा मी टाकीन.

मागच्या शनिवारी बाहीच्या कडेला माझा एक टाका गळला होता. आठ ओळींनंतर दिसला. एरवी मी तेवढं सरळ ओढून काढलं असतं. सुईला बोट लावलं आणि तुझा कागद आठवला. मग क्रोशाची सुई घेतली, तो टाका खाली जाऊन धरला आणि एक-एक ओळ चढवत वर आणला. अर्धा तास लागला.

कागद मी सुयांच्या डब्यात ठेवला आहे. छाती एकोणतीस, बाही सोळा. आणि खाली वेगळ्या शाईत, बहुतेक तू दुसऱ्या दिवशी लिहिलं असशील: "ताई, काही उसवू नकोस."

नाही उसवत.

तुझी
ताई